डॉक्टर, दोष माझ्याच शरीरावर का ठेवलात?

आदरणीय डॉक्टरसाहेब,


तुमचं नाव या पत्रात नाही, तुमच्या सेंटरचंही नाही. वाचलंत तर मला ओळखाल. बोईसरची, तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्यूसीला असणारी, दर वेळी रिपोर्टची झेरॉक्स मागणारी ती पेशंट. हे सगळं मी आधी तुम्हाला मेलवर लिहिलं होतं. उत्तरादाखल पुढच्या पॅकेजचं माहितीपत्रक आलं. त्यानंतर चारचौघांत लिहायचं ठरवलं.

मला लागलं ते तुमचं एक बोलणं. बीटा, म्हणजे गर्भधारणेची रक्तचाचणी, निगेटिव्ह आल्यावर आम्ही दोघं तुमच्यासमोर बसलो होतो. स्क्रीनवरची नजर न काढता तुम्ही म्हणालात, ‘एम्ब्रियो टॉप क्वालिटी होता. वेळही टेस्टप्रमाणे तासावर धरली होती. तुमचं युटेरसच साथ देत नाही, मॅडम.’ मग माझ्या मिस्टरांकडे वळून तीच टेस्ट पुन्हा करायचं सुचवलंत. ज्या शरीराबद्दल हे चाललं होतं ते घेऊन मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

एम्ब्रियो रुजला नाही, ते मी सोसलं. आधीही सोसलं होतं. तुमचं बोलणं मात्र माझ्याबरोबर घरी आलं. डॉक्टर काय म्हणाले, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा मिस्टर काही सांगायच्या आत माझ्याच तोंडून निघालं, ‘दोष माझ्यातच आहे म्हणाले.’ सासूबाई आमच्यासाठी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला नवस बोललेल्या. त्यांनी मला कधी एका शब्दानं दुखावलेलं नाही. त्या दिवशीही काही बोलल्या नाहीत. पण पुढच्याच आठवड्यात भावकीतल्या एका डोहाळजेवणाला मला न विचारता एकट्या जाऊन आल्या. केबिनमध्ये बोललेल्या एका वाक्याचं पुढे घरात काय होतं, हे तुम्हाला कळायला हवं.

हे पत्र बाकीचेही वाचतील, म्हणून ती टेस्ट काय आहे ते आधी सांगते. आयव्हीएफमध्ये एम्ब्रियो प्रयोगशाळेत तयार होतो आणि गोठवून ठेवता येतो. तो गर्भाशयात सोडण्याआधी आतलं अस्तर तयार करून घ्यावं लागतं. आधी इस्ट्रोजेनच्या गोळ्या; सोनोग्राफीत लायनिंग पुरेसं जाड दिसलं की प्रोजेस्टेरॉन. प्रोजेस्टेरॉन सुरू केल्यावर साधारण पाच दिवसांनी, म्हणजे १२० तासांच्या आसपास, अस्तर एम्ब्रियो धरायला तयार होतं असं धरतात आणि पाच दिवसांचा एम्ब्रियो त्या बेतानं सोडतात. ज्यांचं पुन्हा पुन्हा फसतं त्यांच्यात ही तयारीची वेळ पुढे-मागे सरकलेली असेल का, असा प्रश्न संशोधकांना पडला. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या गटानं अस्तरातल्या २३८ जनुकांच्या सक्रियतेवरून ती वेळ ओळखणारी चाचणी २०११ मध्ये मांडली. तिच्यासाठी एक पूर्ण महिना द्यावा लागतो. औषधं सगळी घ्यायची, एम्ब्रियो मात्र सोडायचा नाही. ठरल्या तासाला बारीक नळीनं अस्तराचा तुकडा काढतात. रिपोर्ट सांगतो की अस्तर तयार आहे, अजून तयार नाही किंवा वेळ टळून गेली आहे. त्याप्रमाणे पुढच्या महिन्यात ट्रान्सफर बारा तास, चोवीस तास अलीकडे किंवा पलीकडे सरकवतात.

कल्पना मला पटली होती, हे मान्य करते. सगळ्यांना एकच माप लावण्यापेक्षा प्रत्येकीची वेळ वेगळी पाहणं कुणाला पटणार नाही? तुम्ही कागदावर रेघ ओढून दाखवलंत, इथे दार उघडतं, आपण आजवर बंद दारावर धडका देत होतो. त्या रेघेनं आम्हाला उभारी दिली. मिस्टरांनी पीएफ काढला, उरलेल्यासाठी पतपेढीचं कर्ज घेतलं. ते हप्ते अजून चालू आहेत.

ती सायकल बोईसरमध्ये राहून कशी होते, ते तुमच्यापर्यंत कधी पोचलंच नाही. प्रोजेस्टेरॉनचं तेलातलं इंजेक्शन रोज ठरल्या वेळेलाच हवं, अर्धा तासही इकडेतिकडे नको, असं तुमच्या सिस्टरनं बजावलं होतं. माझी सेकंड शिफ्ट होती. चित्रालयजवळच्या एका दवाखान्यातल्या सिस्टर मला त्या वेळेला टोचून द्यायच्या. त्यासाठी मी शिफ्टमधून गेटपास काढून रिक्षानं जायची आणि परत येऊन राहिलेली सॅम्पल्स संपवायची. तेलाची सुई सावकाश रिकामी होते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कमरेखाली दोन्ही बाजूंना गाठी धरल्या. स्टुलावर बसून बॅलन्सवर वजन करताना एका कुशीवर रेलून बसायची. सुपरवायझरनं विचारलं तर पाठ दुखतेय म्हणून सांगायची. कंपनीत कुणाला काही माहीत नव्हतं.

बायोप्सीच्या दिवशी तर घड्याळ हातात धरूनच निघाले. आमच्या मार्गावर डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली, त्याआधी शटल आणि मेमू. आता लोकल आहे, पण विरारच्या पलीकडे दोनच रूळ. एक गाडी चुकली की पुढचीसाठी ताटकळायचं, आणि मागून लांब पल्ल्याची गाडी आली की आमची लोकल बाजूला घेतात. त्या दिवशी सफाळ्याला तशीच थांबवली. डब्यात मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका, कॉलेजच्या मुली, आणि मी मनात तास मोजतेय. रिसेप्शनला फोन केला तर उत्तर मिळालं, ‘उशीर झाला तर सॅम्पल व्हॅलिड धरता येणार नाही, महिना वाया जाईल.’ विरारला उतरून जिना धावत चढले. पोचले वेळेत. टेबलावर झोपले तेव्हा धापा टाकत होते आणि तुमची असिस्टंट म्हणाली, ‘रिलॅक्स राहा, नाहीतर दुखेल.’ दुखलंच.

रिपोर्ट आला, रंगीत कागदावर. अस्तर अजून तयार नाही, काही तास जास्त द्या. तुम्ही खूश झालात. ‘बघा, सापडलं कारण.’ त्या संध्याकाळी आम्ही घरी पेढे नेले, डॉक्टर. मूल झाल्याचे नाहीत, कारण सापडल्याचे. वर्षानुवर्षं कारण न सापडलेल्या घरात त्याचं मोल काय असतं, ते तुमच्या लक्षात आलं असतं तर तुम्ही तो शब्द इतक्या सहज उच्चारला नसता.

मग नव्या तासाला ट्रान्सफर, मग निगेटिव्ह, आणि मग ते बोलणं.

त्यानंतर मी वाचायला बसले. क्यूसीत माझं कामच ते आहे. एखादी पद्धत बरोबर आकडा देते की नाही हे आधी सिद्ध करावं लागतं, त्याशिवाय त्या आकड्यावर बॅच पास किंवा फेल करता येत नाही. आणि कंट्रोल नसेल तर कुठल्याही निकालाला अर्थ नाही, हे आमच्याकडे ट्रेनी पोरीलाही माहीत असतं. मी तुमच्या टेस्टचा कंट्रोल शोधत होते.

तो मला सापडला. अमेरिकेतल्या एका मोठ्या केंद्रसमूहानं केलेला अभ्यास डिसेंबर २०२२ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ७६७ स्त्रिया. सगळ्यांची ही चाचणी केली आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाचं ट्रान्सफर टेस्टनं सांगितलेल्या वेळेला, दुसऱ्या गटाचं नेहमीच्या वेळेला, टेस्ट काहीही म्हणो. बाळ जन्माला येण्याचं प्रमाण टेस्टच्या गटात ५८.५ टक्के, नेहमीच्या वेळेच्या गटात ६१.९ टक्के. वेळ मोजून फायदा दिसला नाही. चाचणी शोधणाऱ्या गटाचाही एक अभ्यास २०२० मध्ये आला होता. त्यात बऱ्याच स्त्रिया मध्येच गळाल्या. सुरुवातीला ज्यांना घेतलं त्या सगळ्यांना धरून हिशोब केला तर पहिल्या ट्रान्सफरला ठळक फरक नव्हता. शेवटपर्यंत नेमून दिल्याप्रमाणे राहिलेल्यांनाच मोजलं तेव्हा आकडे चांगले दिसले.

तुम्ही म्हणाल, त्या अमेरिकेतल्या बायका वारंवार अपयश आलेल्या नव्हत्या, तुमची गोष्ट वेगळी. हा मुद्दा खरा आहे, मी तो टाळत नाही. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३ मध्ये दोन मार्गदर्शिका काढल्या. जोडउपचारांवरच्या मार्गदर्शिकेत या चाचण्यांची शिफारस नाही. वारंवार न रुजणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत अस्तराच्या तपासणीचा ‘विचार करता येईल’ एवढंच आहे. एका वर्षात, एकाच संघटनेत, इतकी अनिश्चितता. मग ती तुमच्या केबिनमध्ये येईपर्यंत नाहीशी कशी झाली? ‘याचा उपयोग होईलच असं नाही, पुरावा कच्चा आहे, तरी करायची का?’ एवढं विचारलं असतंत तर कदाचित मी हो म्हटलं असतं. टेस्ट करूनही नाही जमलं तर ते टेस्टचं अपयश असू शकतं, हे मला माहीत असतं. तुम्ही ते आधी सांगितलं नाहीत, म्हणून शेवटी सगळा दोष माझ्या अंगावर आला. मला सगळ्यात जास्त हे लागलंय.

आणखीही वाचलं. निसर्गतः दिवस राहिलेल्या स्त्रियांवरचा एक जुना अभ्यास आहे, १९९९ चा. त्यात बीजफलनानंतर टिकलेल्या गर्भांपैकी ८४ टक्के गर्भ अंडोत्सर्गानंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजले. तीन दिवसांचा अवकाश. मग माझं दार मोजक्या तासांसाठीच उघडत होतं, हे इतक्या खात्रीनं कशावरून? आणि २०२१ चा एक अभ्यास, चार हजारांहून जास्त स्त्रियांचा, गुणसूत्रं तपासून निर्दोष ठरलेले एम्ब्रियो वापरून केलेला. एकेक करत तीन ट्रान्सफर होईपर्यंत सुमारे ९५ टक्के स्त्रियांमध्ये गर्भ रुजला. म्हणजे एम्ब्रियो खरोखर चांगला असेल तर अस्तरच धरत नाही असं फार थोड्या जणींत होतं. बाकीच्यांत बहुतेकदा कारण एम्ब्रियोत असतं आणि दिसायला सुंदर एम्ब्रियोतही गुणसूत्रांची गडबड असू शकते. वय वाढेल तशी ती वाढते, चाळिशीच्या आसपास निम्म्याहून जास्त एम्ब्रियोंत असते. तुम्ही ‘टॉप क्वालिटी’ म्हणालात ते भिंगाखाली पाहून. मग साथ न देणारं माझं युटेरसच होतं, हा निवाडा कशाच्या आधारावर दिलात?

जे साधं होतं, स्वस्त होतं, ते विचारलंच नाहीत. माझ्या वडिलांना टीबी होऊन गेलाय. आपल्याकडे गर्भाशयाचा टीबी काही लक्षण न दाखवता नळ्या आणि अस्तर खराब करतो, हे शिकाऊ डॉक्टरलाही माहीत असतं. तुमच्या पहिल्या भेटीच्या फॉर्मवर तो प्रश्नच नव्हता. पालघरच्या एका वयस्कर डॉक्टरबाईंनी तो पहिल्या पाच मिनिटांत विचारला, अस्तराला सूज आहे का ते तपासायला सांगितलं, थायरॉइड पुन्हा पाहिला. माझे मिस्टर कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये स्टेंटरवर आहेत, दिवसभर भट्टीसारख्या उष्णतेत. उष्णतेनं शुक्राणूंवर परिणाम होतो, हे पाठ्यपुस्तकातलं आहे. त्यांचा रिपोर्ट एकदाच केलात, ‘बॉर्डरलाइन, चालेल’ म्हणून बाजूला ठेवलात. मी लॅबमध्ये मिथेनॉल आणि अ‍ॅसिटोनायट्राइल या रसायनांत वावरते. काय काम करता, हे मला तुमच्याकडे बिलिंगच्या खिडकीवर तेवढं विचारलं गेलं.

आमच्याकडे एखाद्या घरात मूल होत नसलं की लोक लगेच बोट दाखवतात. कुणी १९६९ पासून उभ्या असलेल्या अणुवीज केंद्राकडे, कुणी एमआयडीसीच्या नाल्याकडे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशात सगळ्यात वर होतं, त्यामुळे बोट दाखवणाऱ्याला गप्प करणं सोपं नाही. पण माझ्या पोटाचं कारण तिथे आहे असं मी म्हणणार नाही, कारण माझ्याकडे तसा पुरावा नाही. पुराव्याशिवाय कारण जाहीर करायचं नाही, एवढी शिस्त मी पाळू शकते. तुमच्याकडून मी तेवढीच अपेक्षा केली होती.

एक गोष्ट माझ्या मनात फार खोल आहे. ६ ऑगस्ट १९८६ ला आयव्हीएफनं हर्षा चावडा जन्मली ती मुंबईच्या केईएममध्ये. महापालिकेचं रुग्णालय. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतले डॉ. आनंद कुमार यांचं ते काम. एका साध्या घरातल्या बाईला सरकारी रुग्णालयात आईपण मिळालं आणि सगळं रीतसर नोंदवून जगापुढे ठेवलं गेलं. त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ते करून दाखवलं होतं, तेव्हा त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. ज्या शास्त्रानं पुराव्यासाठी इतकी किंमत मोजली, त्याच शास्त्राच्या नावानं आज आम्हाला अर्धवट पुरावा पूर्ण म्हणून विकला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून हा उपचार मोफत सुरू झाला. पालघर वेगळा जिल्हा २०१४ मध्येच झाला. तरी आम्हाला इथल्या सरकारी दवाखान्यात ‘मुंबईला जा’ एवढंच सांगितलं गेलं. त्यामुळे तुमच्या हातात आम्ही किती असहाय असतो, याची जाण तुम्हालाच जास्त हवी होती.

कायदा तुमच्या बाजूनं बोलत नाही, हेही सांगते. सहाय्यक जननतंत्रज्ञान कायदा २०२१ चा, २५ जानेवारी २०२२ पासून लागू. त्याचं २१ वं कलम वाचा. उपचाराचे परिणाम, यशाची शक्यता, फायदे, तोटे, खर्च, धोके हे सगळं जोडप्याला समजावून सांगणं क्लिनिकचं कर्तव्य आहे. तक्रार निवारण कक्ष ठेवणंही बंधनकारक आहे. मला मात्र इंग्रजी कागदांचा गठ्ठा काउंटरवर सरकवला गेला आणि ‘इथे, इथे आणि इथे सह्या करा, मागे लाइन आहे’ असं सांगितलं गेलं. मला इंग्रजी वाचता येतं. माझ्या शेजारी उमरोळीहून आलेली एक बाई बसली होती, तिनं कुठे सही करायची ते मला विचारलं. कशावर करतेय, ते तिला ठाऊक नव्हतं.

डॉक्टर, मी तुमच्यावर खटला भरणार नाही. त्यासाठी माझ्याकडे पैसा नाही आणि जीवही उरलेला नाही. मला माझी पूर्ण फाइल हवी आहे, एम्ब्रियोंच्या ग्रेडिंगसह, लॅबच्या नोंदींसह. तुमच्या सेंटरमध्ये ही टेस्ट केलेल्या किती जणींच्या कुशीत मूल आलं आणि न केलेल्या किती जणींच्या, हा आकडा हवा आहे. तो तुमच्याकडे नसेल तर तसं लिहून द्या. आणि ते वाक्य मागे घ्या. माझ्या मिस्टरांसमोर बोललात, त्यांच्यासमोरच मागे घ्या. युटेरस साथ देत नाही असं सिद्ध झालेलं नाही, कारण आपल्याला सापडलेलं नाही, एवढं म्हटलंत तरी पुरे. सासूबाईंना ते मी सांगेन.

आमचा उरलेला एम्ब्रियो तुमच्याकडे गोठवून ठेवलेला आहे. कायद्यानं तो दहा वर्षं ठेवता येतो. स्टोरेजचे पैसे आम्ही दर वर्षी वेळेवर भरू. पुढचं ट्रान्सफर कधी करायचं, करायचं की नाही आणि कुणाकडे करायचं, हे तुमचं उत्तर आल्यावर आम्ही दोघं ठरवू. उत्तर मराठीत पाठवा, म्हणजे सासूबाईंनाही वाचता येईल.

आपली,
बोईसरची एक पेशंट